सागाच्या पोटातलं हाड

रविवारी सकाळी अकरा वाजता, सुरतेच्या लिंबायतमधल्या एका चाळीच्या मागे, अडीचशे माणसांच्या डोळ्यांदेखत सागाच्या झाडातून हाड निघालं. नुसतं निघालं नाही, निघाल्यावर ते रक्त गाळायला लागलं.

माणसं म्हणजे कशी, तर रात्रपाळी करून आलेली, कानांत अजून लूमची खटखट चालू असलेली. बायका हातातलं काम तसंच घेऊन आल्या होत्या. एकीच्या मुठीत अर्धा सोललेला लसूण होता. पोरं पत्र्यांवर चढून बसली होती. मधे चाळीची बोअर, आणि बोअरच्या पलीकडे तो साग. इथं शेत होतं तेव्हा कुणीतरी बांधावर लावलेला. शेत गेलं, बांध गेला, चाळ आली, चाळीच्या मागे डाइंगचं, म्हणजे कापड रंगवायचं, शेड आलं. साग तेवढा उभा राहिला, तोही अलीकडे आतून कुजल्यासारखा वाळत चाललेला.

सागापुढे हाडकाढे महाराज. वय असेल अठ्ठावीस. भगवी लुंगी, जाळीचं बनियन, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि त्याच माळेत अडकलेला ब्लूटूथचा हेडफोन. हातात त्रिशूळ. पण हा त्रिशूळ जरा वेगळाच होता. आडव्या मुठीवर तीन सुळे वेल्डिंग करून बसवलेले, आणि खाली दांड्याच्या जागी बोटाएवढी जाड, पोकळ पोलादी नळी. नळीच्या टोकाला स्क्रूला असतात तसे आटे.

महाराजांनी नळी खोडाला लावली आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. करर्, करर्, करर्. नळी वीतभर आत गेली. मग उलटी फिरवून बाहेर काढली, एका फडक्यात गुंडाळली, फडक्यात हात घातला, आणि पेन्सिलीएवढी बारीक, लांब कांडी वर धरली.

"हे लाकूड नाही!" महाराज ओरडले. "हे झाडाचं हाड शे! हाडावर रेघा बघा. एक रेघ म्हणजे एक वरीस. वनदेवता सगळं पाहते आणि इथं सेव्ह करून ठेवते. हे देवीचं मेमरी कार्ड शे. माणूस डिलिट करीन, देवी करत नाही!"

त्यांनी कांडीवर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. आणि कांडीतून लालभडक थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. बायकांनी तोंडाला पदर लावला. एक म्हातारा मटकन खाली बसला.

गर्दीच्या तिसऱ्या रांगेत भिकन उभा होता. त्याच्याही तोंडाचं पाणी पळालं होतं, पण रक्त बघून नाही. त्याला त्रिशूळाच्या मुठीवर गुंडाळलेली निळी टेप दिसत होती. ती टेप त्यानं स्वतः गुंडाळली होती, जुलै महिन्यात, हाताला फोड येऊ नयेत म्हणून.

तो त्रिशूळ नव्हता. तो बोरर होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा.

"आता देवी काय म्हणते ते ऐका," महाराजांनी नखानं रेघा मोजल्या. "सालीकडून मोजा. एक, दोन, तीन... अकरा. अकरा रेघा बारीक, चिकटलेल्या. अकरा वर्षांपासून या झाडाचा श्वास कोंडला शे. तुमच्या पोरांच्या अंगावर चट्टे उठतात, पोरं ओकतात, ते उगाच नाही. कोणाची तरी नजर शे. मी नाव घेणार नाही. नाव घ्यायची आपल्याला परवानगी नाही. फक्त विचार करा, अकरा वर्षांपूर्वी इथं राहायला कोण आलं?"

कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. अडीचशे मुंड्या एकाच दाराकडे वळल्या.

दारात मालतीआक्का बसली होती. पन्नाशीची विधवा, समोर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत होती. तिनं वर पाहिलं, गोंद लावायची सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "काय झालं? माझ्या तोंडावर रेघा मोजताय का आता?"

कोणी हसलं नाही. एरवी हसले असते.

महाराजांनी निकाल सांगितला. शुक्रवारी अमावस्या. संध्याकाळी सात वाजता, पाळी बदलायच्या वेळेला, सगळ्यांसमोर झाडातून शेवटचं हाड निघेल. त्यानंतर त्या बाईनं उकळत्या पाण्यातून देवीचं नाणं हातानं काढायचं. हात भाजला नाही तर ती निर्दोष. भाजला तर त्याच पावली चाळ सोडायची.

"पातेलं माझ्याकडून," मागून आवाज आला. डाइंगच्या शेडचे मालक धर्मेंद्रशेठ हात जोडून उभे होते. "गॅसबी माझ्याकडून. आपणे तो सेवा करवी छे."

मग महाराजांनी हाडाचे सात तुकडे केले आणि सात आजारी पोरांच्या आयांना वाटले. गळ्यात बांधायला. त्यातली एक आई योगिता होती. भिकनची बायको.

*

आता बोरर महाराजांकडे गेला कसा, हे सांगायला हवं, आणि ते सांगताना भिकनची जरा अब्रू जाणार आहे.

भिकन विद्यापीठात झाडांच्या वलयांचा आणि पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एका खोलीत भिंतभर रॅक, रॅकमध्ये देशभरच्या झाडांच्या कांड्या, लाकडी पट्ट्यांवर चिकटवून, प्रत्येकीवर नंबर. दुसऱ्या खोलीत पॉलिश करायचं यंत्र, ज्याची धूळ ओढणारी नळी वर्षभर बिघडलेली, त्यामुळे भिकन संध्याकाळी घरी यायचा तो हळद लागलेल्या नवरदेवासारखा. तिसऱ्या खोलीत मायक्रोस्कोप, खाली सरकणारी पाटी, आणि बाजूला वलयाची रुंदी केसाच्या जाडीपर्यंत मोजून आकडा दाखवणारी पेटी. शिवाय कांड्या सुकवायचा ओव्हन, ज्यात बारा ते एकच्या दरम्यान नमुन्यांसोबत सगळ्यांचे डबे गरम व्हायचे. एकदा तर एका सरांच्या अहवालात डांगच्या सागाला लसणीचा वास येतो अशी नोंद गेली होती.

आणि सगळ्यात लाडका बोरर. झाडाला फारसा त्रास न देता खोडातून बारीक कांडी काढणारा. परदेशातून येतो, मागवला की सहा महिने वाट बघा.

तर खंडेनवमीला चाळीत हत्यारांची पूजा होती. लूमवाल्यांनी पाने ठेवले, शिंप्यानं कात्री ठेवली, रिक्षावाल्यानं जॅक ठेवला. भिकननं काय ठेवायचं? खराटा? नऊ वर्षं विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसानं बोरर पिशवीत घातला, घरी आणला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पान्यांच्या शेजारी ठेवला. सोबत दाखवायला हिमालयातल्या देवदाराच्या दहा-बारा टाकाऊ कांड्याही आणल्या, नीरेच्या दुकानातल्या स्ट्रॉमध्ये घालून, कारण लॅबमध्येही त्या तशाच ठेवतात.

मग सगळे जमल्यावर त्याला राहवलं नाही. त्यानं भाषण केलं. "बघा भाऊ, एक रेघ म्हणजे एक वरीस. पाऊस चांगला तर रेघ रुंद, दुष्काळ पडला तर बारीक. झाड काही विसरत नाही!" लोकांनी जांभया दिल्या. एकच पोरगा पुढं बसून डोळे विस्फारून ऐकत होता. त्याचं नाव किरण. शेजारच्या उधन्यात मोबाइलच्या काचा बदलायचा, आणि नवरात्रात अंगात येण्याचं जोडकाम करायचा.

संध्याकाळी आरती झाली. पाने होते, कात्री होती, जॅक होता. बोरर नव्हता आणि स्ट्रॉचं पुडकंही नव्हतं.

भिकननं लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डांगच्या जंगलात हरवला,' आणि खाली सही केली. दिवाळीला सगळे गावाकडे जाऊन आले. तोवर किरणची दाढी वाढली होती आणि काचा बदलायचं दुकान बंद झालं होतं.

म्हणजे रविवारी महाराजांनी जे ज्ञान पाजळलं, ते भिकनचंच होतं. फक्त त्यात त्यांनी एक बाई घातली होती.

*

मालतीआक्काच्या दारावर सोमवारी कोणीतरी चुन्यानं फुली मारली. मंगळवारी साड्यांचं गाठोडं देणारा माणूस तिला वगळून पुढं गेला. बुधवारी ती बोअरवर आली तर बायकांनी हंडे उचलले आणि लांब उभ्या राहिल्या, तिची सावली पडायची जागा सोडून.

तिचं एकच पाप होतं. गेल्या महिन्यात बोअरचं पाणी लालसर येतं म्हणून तिनं वॉर्ड ऑफिसात द्यायचा अर्ज लिहवून घेतला होता, आणि घरोघरी फिरून चाळीस सह्या-अंगठे गोळा केले होते. बुधवारपर्यंत त्यातल्या एकतीस जणांनी येऊन स्वतःचं नाव खोडायला लावलं.

"तुम्ही का बोलत नाही?" भिकननं तिला विचारलं. तेही हळूच, नळाआडून.

"बोलले तर म्हणतील डाकीण बोलते. गप्प बसले तर म्हणतील मंतर म्हणते," ती म्हणाली. "तू तर लॅबवाला शे ना रे भिकन? झाडाले रक्त राहतं का?"

"म्हणजे... झाडानुसार..." असं काहीतरी पुटपुटत भिकन निघून आला.

खरं सांगितलं तर बोरर घरी नेल्याचं उघड, खोटी सही उघड, नोकरी गेली, वर चोरीचा शिक्का. नाही सांगितलं तर शुक्रवारी त्या बाईचा हात उकळत्या पाण्यात. तो हिशेब त्याच्या डोक्यात दिवसरात्र लूमसारखा खटखटत होता.

घरी सहा वर्षांची जयू अंग खाजवत पडली होती. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात हाडाचा तुकडा.

"हात नका लावू त्याले," योगिता म्हणाली.

"योगिता, अगं ते लाकूड शे."

"दोन डॉक्टर झाले, तीन मलमं झाली. लाकूड तर लाकूड. तुमच्या मशिनीनं पोरगी बरी होते का?"

पोरगी झोपल्यावर भिकननं तुकडा नाकाशी धरला. आणि तो दचकला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. पॉलिशच्या यंत्रावर हे लाकूड घासलं की खोलीभर देवघरासारखा वास सुटतो. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो. हा सागाचा वास नव्हता.

*

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत भिकननं तो तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला.

"काय बघताय, भिकनभाऊ?"

मागे दीप्ती मॅडम. वडील उधना स्टेशनात रेल्वेचे खलाशी, म्हणजे मजूर, होते, मुलगी आता लॅबची संशोधक. आवाज बारीक, पण खोटं बोलणाऱ्याला घाम फुटावा असा.

"काही नाही मॅडम. बाजारात मिळालं. ताईत म्हणून विकत होता एक जण."

मॅडमनी डोळा लावला. "बाजारात देवदार विकतात? बघा, सागाला चाळणीसारखी मोठी छिद्रं असतात. इथं एकही नाही. हे थंड डोंगरातलं झाड आहे. रेघाही किती बारीक, बर्फात उन्हाळा दोन महिन्यांचा." त्यांनी ओल्या कापसानं तुकडा पुसला. कापूस लालभडक. "आणि हे?"

"रक्त म्हणे."

"रक्त चार दिवसांत काळपट तपकिरी होतं. हा साडीचा रंग आहे, भिकनभाऊ. कोरडी पूड चोळून ठेवायची, ती दिसत नाही. पाणी पडलं की ओघळते. सुरतेत राहून आपल्याला एवढं कळू नये?"

भिकन एकदम म्हणाला, "पोरीच्या अंगावर चट्टे आहेत, मॅडम. चाळीत सात पोरांना."

"पाणी कुठलं पिता?"

त्यानं सकाळी डब्यासोबत आणलेली बाटली पुढं केली. मॅडमनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या बाटली घेऊन धातू ओळखणाऱ्या यंत्राकडे गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच.

"आजपासून या पाण्याचा थेंब पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नका. अंघोळीलाही नको. ह्यात क्रोमियम आहे, रंगाचे क्षार आहेत. कोणीतरी जमिनीत सोडतंय. कधीपासून, ते कळायला हवं. बोअरजवळ जुनं झाड आहे का?"

"साग आहे."

"मग झाडाला माहीत असेल! मुळं तेच पाणी पितात. कांडी काढली की कुठल्या वर्षापासून रेघ बारीक झाली ते दिसेल, त्या लाकडात धातूही सापडेल." मॅडम थांबल्या. "पण आपला बोरर तुम्ही डांगात हरवलात. नवा यायला सहा महिने."

मालतीआक्काला वाचवणारी एकच वस्तू जगात होती, आणि तीच तिच्या जिवावर उठलेल्या माणसाच्या हातात होती.

सांगायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "हो मॅडम."

"मी उद्या संध्याकाळी येते. चाळीतल्या प्रत्येक नळाचं पाणी स्वतः घेते."

*

शुक्रवारी सात वाजता सूर्य गेला होता आणि दिवे यायचे होते. डाइंगच्या चिमणीचा धूर खाली बसला होता. गटारीतून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं, आदल्या दिवशी हिरवं होतं. सागाखाली शेठचं मोठं पातेलं, पाण्याला उकळी फुटलेली, बुडबुड्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण दुसरा आवाजच नव्हता.

मालतीआक्काला पाटावर बसवलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत उघडा.

"मी घालते हात," ती म्हणाली. "पण आधी महाराजांनी घालावा. त्यांचं देवीसोबत डायरेक्ट नेटवर्क शे ना?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"आमचा हात देवीचा शे," महाराज म्हणाले. "तो पाण्यात घातला तर देवी भाजेल. हे पाप कोण घेणार? शेठ, तुम्ही?"

शेठ दोन पावलं मागे सरकले.

महाराजांनी त्रिशूळ उचलला, खोडाला लावला, फिरवायला सुरुवात केली. करर्, करर्. तीन बोटं आत गेल्यावर आवाज बदलला. कर्र...क्. महाराजांनी जोर लावला. मूठ हलेना. उलटी फिरवली, हलेना. त्यांनी पाय खोडाला टेकवला आणि ओढायला लागले. लुंगी सुटली. एका हातानं लुंगी, एका हातानं त्रिशूळ, आणि तोंडानं "जय वनदेवता" अशी तिन्ही कामं चालली.

"देवीनं धरलं!" एक बाई किंचाळली.

"हो! देवीनं धरलं!" महाराजांनी संधी साधली. "देवी कोपली शे! त्या बाईचा हात आधी घाला! घाला हात!"

दोघं जण पुढं झाले. मालतीआक्काचं मनगट धरलं. पातेल्याची वाफ तिच्या तोंडावर आली. आणि महाराजांनी जोर यावा म्हणून त्रिशूळावर दगड मारायला हात उगारला.

"अरे ठोकू नको!"

भिकनलाच कळलं नाही हा आवाज आपला आहे. "ठोकू नको, तुटेल! त्याले मेण लावतात आधी! नळी चोंदली शे, आतलं काढल्याशिवाय दुसरं भोक पाडतात का, गाढवा!"

सगळं थांबलं. मनगट धरणारे थांबले. दगड हवेत थांबला.

"तुम्हाले कसं माहीत?" योगिता म्हणाली. एकदम हळू.

आता मागं फिरायला जागा नव्हती. भिकन रांगेतून पुढं आला.

"माहीत शे, कारण तो माझा शे. म्हणजे लॅबचा. खंडेनवमीला पूजेसाठी मीच घरी आणला आणि इथून चोरीला गेला. मी लिहिलं, जंगलात हरवला. खोटं लिहिलं. ही निळी टेप बघा. तिच्याखाली लॅबचा नंबर शे, एकशे सात. आणि हा महाराज म्हणजे किरण. याच्याकडून तूच काच बदलून घेतली होती ना, योगिता? पंधरा दिवसांत तडकली ती?"

योगितानं महाराजांकडे नीट पाहिलं. "अगंबाई. हाच की तो."

काच तडकल्याचा राग कोपलेल्या देवीपेक्षा मोठा असतो. पाच-सहा बायका पुढं सरकल्या.

भिकननं महाराजांना बाजूला केलं. पूजेच्या दिव्यातलं तेल बोटानं बोररच्या कडेला सोडलं, हलकेच पाव आटा पुढं, अर्धा आटा मागं, पुन्हा पुढं, बाळाच्या घशातलं काढावं तसं. मूठ सैल झाली. बोरर बाहेर आला. मग त्यानं पातळ तार मागच्या तोंडातून घातली आणि दाबली.

नळीतून एक कांडी सरकत बाहेर आली. कोरडी, तपकिरी, स्वच्छ. रक्ताचा टिपूस नाही.

"हे घ्या," तो म्हणाला. "रविवारी झाडातून जे निघालं, ते हे. पाच दिवस नळीतच अडकून राहिलंय, म्हणून आज यंत्र अडलं. रविवारचं हाड जर इथं शे, तर माझ्या पोरीच्या गळ्यात कोणाचं शे?"

तेवढ्यात महाराज निघायला वळले आणि घाईत फडकं निसटलं. फडक्यातून चार स्ट्रॉ घरंगळल्या, प्रत्येकीत एकेक कांडी, आणि एक पुडी फुटून जमिनीवर विटकरी पूड सांडली. ओल्या जमिनीला लागली तशी ती लाल झाली. लाल होत गेली, पसरत गेली.

धुडकूआबा खाली वाकले. तीस वर्षं डाइंगमध्ये काढलेला म्हातारा, नखं कायमची रंगलेली. रविवारी मटकन बसलेला तो हाच. त्यांनी पूड चिमटीत घेतली, चोळली, आणि थेट शेडमध्ये गेले. येताना दोन मग आणले. एकात सोडा, एकात हायड्रो, कपड्याचा चुकलेला रंग उडवायला कारागीर वापरतात ती पूड. दोन्ही उकळत्या पातेल्यात टाकले. मग महाराजांचं लाल डागांनी भरलेलं फडकं काठीनं आत बुडवलं.

"रक्त राहील तर काळं पडेल," आबा म्हणाले. "रंग राहील तर उडेल."

आबांनी काठी ढवळली. पुन्हा ढवळली. फडकं वर काढलं. पांढरं. त्याच्या कोपऱ्यात छापलेलं मोबाइल दुकानाचं नावसुद्धा वाचता येत होतं.

"तीस वरीस," आबा आपल्या रंगलेल्या नखांकडे बघत म्हणाले. "तीस वरीस रोज हात घातला या रंगात. आणि झाडातून आला म्हणून पाया पडलो."

मालतीआक्काचं मनगट सोडून दिलं होतं. तिथं बोटांचे वळ होते. ती त्यांच्याकडेच बघत होती.

या सगळ्या गोंधळात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन दीप्ती मॅडम केव्हाच येऊन उभ्या होत्या. त्यांनी भिकनच्या हातून खरी कांडी घेतली, पर्समधून भिंग काढलं.

"साल इकडे. ही यंदाची रेघ, ही गेल्या वर्षाची, ही त्याआधीची. तिन्ही दोऱ्यासारख्या बारीक. त्याच्या आत सगळ्या रुंद, ठणठणीत. अकरा नाहीत, तीन. लॅबमध्ये घासून पक्कं मोजू, धातूही तपासू. पण तीन वर्षांपूर्वी इथं काय आलं, ते तुम्हीच सांगा."

याही वेळी कोणी नाव घेतलं नाही. याही वेळी गरज पडली नाही. अडीचशे मुंड्या वळल्या, डाइंगच्या शेडकडे. शेठ तिथं नव्हते. शेडच्या मागच्या भिंतीला लागून जमिनीत गेलेला एक जाड पाइप मात्र होता. रोज सगळ्यांच्या नजरेसमोर असायचा. त्याच्यावर पोरं बसून क्रिकेट बघायची.

"म्हणून बाईचा अर्ज नको होता," धुडकूआबा पुटपुटले. "म्हणून पातेलं, म्हणून गॅस."

किरण पळाला, पण लुंगीत पळणं सोपं नाही. गटारीच्या वळणावर घसरला आणि जांभळ्या पाण्यातून उठला तो जांभळाच. पोलिसांना त्याला ओळखायला काही त्रास पडला नाही. सुरतेत त्या रात्री कानापासून टाचेपर्यंत जांभळा असा एकच इसम फिरत होता.

*

लॅबमध्ये कांडी चिकटवली, घासली, मोजली. तीन रेघा बारीक, आणि त्या तिन्हींत क्रोमियम. अहवाल अर्जाला जोडला गेला. पाइप बंद झाला, बोअरला कुलूप लागलं, टँकर यायला लागला. जयूचे चट्टे महिन्याभरात फिके झाले. साग जगेल की नाही हे मॅडमनाही सांगता येत नाही. 'पुढच्या दोन रेघा बघू,' म्हणाल्या.

भिकनला लेखी ताकीद मिळाली आणि एका महिन्याचं काम गेलं. तो परत आला तेव्हा लॅबच्या दारावर नवी सूचना होती, की कोणतंही उपकरण पूजेसाठी घरी नेऊ नये, आणि ओव्हनमध्ये डबे ठेवू नयेत. पहिलं कलम तो पाळतो.

मालतीआक्काच्या दारावरची चुन्याची फुली तिनं पुसली नाही. लोक माफी मागायला आले, तेव्हा ती फुलीकडे बोट दाखवायची. "राहू द्या. रोज जाता-येता दिसली पाहिजे."

मग अर्जाचा कागद पुढं करायची. एकतीस नावं खोडलेली होती. एकेकानं खाली पुन्हा लिहिली. योगितानं सगळ्यात शेवटी, जयूच्या गळ्यातला काळा दोरा आणून कागदावर ठेवला आणि मग सही केली.

शेवटी हेच सांगायचं. झाडातून रक्त निघालं असं कोणी म्हणालं, तर झाडाकडे नंतर बघा, आधी त्याच्या हातातलं फडकं झटका. पोरगं आजारी पडलं तर शेजारणीची नजर शोधू नका, नळाचं पाणी बाटलीत भरा आणि तपासून घ्या. आणि सगळ्यांच्या मुंड्या एकाच वेळी एका बाईच्या दाराकडे वळल्या, तर तुम्ही एकट्यानं उलट्या बाजूला बघा. पाइप बहुतेक तिकडेच असतो.